रुद्राणीच्या पायाचे माप

सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावले टाकताना रुद्राणीच्या तोंडून जो शब्द निघे, तो आपल्या कानांवर आलाच नाही असे घरातली माणसे दाखवत असत. सासूबाई गुरम्मा खाटेवर कूस बदलत. नवरा रेवणसिद्ध उगाचच खोकत असे. तीन महिन्यांपासून तिची उजवी टाच दुखत होती आणि आता डावीनेही सुरुवात केली होती. पाचव्या पावलापासून कळ थोडी बोथट होई. मग ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाई, परातीत ज्वारीचे पीठ ओढून घेई आणि सहापासून साडेबारापर्यंत शहाबादी फरशीवर उभी राहून चार शेगड्यांवर कडक भाकऱ्या करी. जेवून उठताना पुन्हा तोच शब्द, पुन्हा तेच खोकणे.

तिची भाकरी पापडासारखी पातळ असे आणि मोडताना आवाज करी. सोलापूरच्या शेळगी भागातल्या त्या घरातून गेली अकरा वर्षे रोज चारशे भाकऱ्या श्रीमंत नावाचे नव्या पेठेतले दुकानदार उचलत होते. पाकिटावर 'रुद्राणी, हातची कडक भाकरी' असे छापलेले असे. सूतगिरणीच्या कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेला रेवणसिद्ध ती पाकिटे भरून स्कूटरवरून पोहोचवी आणि आपण व्यवसाय सांभाळतो असे लोकांना सांगे. त्या महिन्याच्या एक तारखेला श्रीमंतांचा निरोप आला. पुण्याच्या एका दुकानाने मागणी केली होती. वीस तारखेपासून रोज सहाशे भाकऱ्या लागणार होत्या. जमत नसेल तर यंत्रावर भाकरी करणारा एक कारखानदार त्यांच्या दारात येऊन बसला होता, आणि दोन ठिकाणचा माल त्यांना ठेवायचा नव्हता. म्हणजे सहाशे, नाही तर एकही नाही. इकडे चारशे भाकऱ्या होईपर्यंतच रुद्राणीची टाच पेटलेली असे.

तिला राग आला होता, पण तो टाचेचा नव्हता. टाच बिचारी दुखत होती, एवढेच. राग होता तो त्या टाचेविषयी दुसऱ्यांनी चालवलेल्या चर्चेचा.

चर्चेला आरंभ झाला तो तीन तारखेच्या रविवारी. तिचा धाकटा भाऊ अण्णाराव वळसंगहून आला. त्याचे तिथे खतांचे दुकान होते आणि कोणत्याही रोगावर त्याच्याकडे एक वस्तू असे. त्याने बहिणीची चौकशी केली, दारात काढलेला आपला बूट उचलून आत आणला, त्यातून निळ्या रबरासारखा सोल उपसून काढला आणि तो चहाच्या टेबलावर ठेवला.

“दाजी, हे बगा. दुकानात तयार मिळतंय. दोन वर्सं झाली, माजी टाच दुकली म्हणून मी कुनाला दाकवली न्हाय.”

“ते आदी टेबलावरनं उचला,” रेवणसिद्ध म्हणाला.

अण्णारावाने सोल उचलून मांडीवर ठेवला आणि त्याचे गुण सांगितले. रेवणसिद्धने सगळे ऐकून घेतले. मग त्याने चष्मा काढला. तो चष्मा काढी तेव्हा तत्त्वाचा प्रश्न निघालेला असे.

“अण्णाराव, आमी हातची भाकरी म्हणून इकतो. मशीनची वेगळी, हातची वेगळी, असं अकरा वर्सं गिऱ्हाइकाला सांगायलोय. आन जी ती भाकरी करती, तिच्याच पायात कारखान्याचा सोल? करायचं तर तिच्या पायाचं माप घिऊनच करायचं.”

“गिऱ्हाईक अक्काच्या चपलंत बगायला येणार हाय का?”

“तत्त्व म्हणून काय हाय का न्हाय?”

मापाचा की तयार, यावर दोघे पाऊण तास बोलले. अण्णारावाचे म्हणणे असे, की माणसाच्या टाचा साधारण सारख्याच असतात. रेवणसिद्धचे म्हणणे असे, की मग माणसेही सारखीच असती आणि अण्णारावासारखा मेहुणा प्रत्येकाच्या वाट्याला आला असता. या काळात रुद्राणी आत शेगडीपाशी उभी राहून त्या दोघांचा दुसरा चहा करत होती. तिच्या पायाविषयी त्या पाऊण तासात एकच प्रश्न विचारला गेला. अण्णारावाने विचारले, अक्काचा नंबर किती? रेवणसिद्ध म्हणाला, सात. तिचा नंबर पाच होता. गाळणी हातात धरून तिने ते ऐकले आणि ती चूक दुरुस्त केली नाही. ज्याने लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत तिच्यासाठी एकदाही चपला आणल्या नव्हत्या, त्याने इतक्या ठामपणे उत्तर द्यावे, हे तिला आकड्याच्या चुकीपेक्षा जास्त लागले. तिने चहा नेऊन ठेवला. कप बशीवर असा आदळला की दोघांनी वर पाहिले आणि साखर कमी पडली असावी असे समजून डबा मागितला.

अण्णारावाने त्याच दिवशी पेठेतून सात नंबरचे तसलेच निळे तयार सोल आणले. ते मोठे निघाले. पण सोलाच्या पाठीवर लहान नंबरांच्या रेघा छापलेल्या होत्या; त्याने पाकिटे कापायची कात्री घेऊन पाचच्या रेघेवर ते कापले आणि हाच तयार वस्तूचा फायदा असतो, असे दाजींना ऐकवले. मग सोल रुद्राणीच्या चपलांत घातले. चपलांना ना टाच, ना बाजू. दारापासून फाटकापर्यंत जाताना डावा सोल मागून निसटून बाहेर पडला आणि शेजारच्या कुत्र्याने तो हुंगून पाहिला. म्हणजे बूट हवेत, असे ठरले. कापडी बूट आणले. गुरुवारी रुद्राणी नऊवारीवर ते बूट चढवून भाजीबाजारात गेली. चाळीस मिनिटे तिला खरोखर बरे वाटले. कोथिंबिरीच्या पेंढीवरून ती एका बाईशी भांडली नाही, यावरूनही ते दिसत होते. घरी आल्यावर तिने दारात बूट काढून ठेवले. शुक्रवारी सकाळी पहिल्या चार पावलांना तोच शब्द.

“बगितलंस,” रेवणसिद्ध म्हणाला. “तयार वस्तू ती तयार वस्तू.”

आणि तो आंघोळ करून सात रस्ता चौकाकडे निघाला. त्याच्या सूतगिरणीतल्या जुन्या सहकाऱ्याची, नबीसाबची मुलगी नाजनीन तिथे फिजिओथेरपीचा दवाखाना चालवत होती आणि पायाचे माप घेऊन सोल करून देत होती. रुद्राणीने त्याला सांगितले की दुपारी एकनंतर मी येते. तो म्हणाला, तू तुजी कामं कर, मी बगून येतो. पाय तिचा होता, पण बघायला तो गेला.

नाजनीनने साहजिकच विचारले की पेशंट कुठे आहे. “काका, पाय बगितल्याबिगर मी कसं सांगू? त्यांना घिऊन या की.” रेवणसिद्धने मोठ्या मागणीचे, वीस तारखेचे आणि घरच्या ओढाताणीचे वर्णन केले. दिवसभर त्या पायात काय घालतात, असे तिने विचारले. चपला हायत की चांगल्या, बूट बी घेतलेत, असे त्याने सांगितले. आणि त्यात खोटे काही नव्हते. शेवटी वडिलांच्या मित्राला रिकाम्या हाताने पाठवणे तिच्या जिवावर आले. तिने त्याला एक पसरट खोका दिला. त्यात हिरवट फोम होता, फुलांच्या गुच्छाखाली असतो तसा. खुर्चीवर बसवून एकेक पाय त्यात दाबायचा आणि उचलायचा. एकदाच, काका. दाबलेला फोम वर येत नाही. एवढे तिने तीन वेळा सांगितले आणि कागदावर लिहूनही दिले. रेवणसिद्धने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

आता त्या घराची एक रीत होती. कोणतीही नवी वस्तू आली की तिला विभूती लावायची आणि घरातल्या थोरल्या माणसाने ती आधी वापरायची. स्कूटर आली तेव्हा गुरम्मा तिच्यावर पाच मिनिटे बसल्या होत्या. धुण्याचे यंत्र आले तेव्हा पहिले लुगडे त्यांचे धुतले गेले. मोबाइल आला तेव्हा पहिला फोन त्यांनीच केला. कुणाला करावा हे न सुचल्यामुळे तो समोर बसलेल्या मुलालाच केला होता आणि दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली होती. त्यामुळे रेवणसिद्धने खोका जमिनीवर ठेवला, त्याच्या कडेला तीन बोटांनी विभूती ओढली आणि जराही विचार न करता म्हटले, “अव्वा, आदी तू.”

गुरम्मांनी पाय धुतले. खुर्चीवर बसल्या. आधी उजवा की डावा, हे विचारून घेतले. मग त्यांनी एकेक पाऊल त्या फोममध्ये असे मन लावून दाबले की रेवणसिद्धला थोडे आश्चर्य वाटले. त्यानंतर त्याने रुद्राणीला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, तव्यावरची भाकरी करपेल या चिंतेत तिने दोन्ही पाय खोक्यात दाबले आणि परत गेली. खोक्यात आधीच खड्डे होते, हे तिने पाहिले. पण खोका असाच येत असेल असे तिला वाटले. तिला कुणी काही सांगितलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी रेवणसिद्धने खोका दवाखान्यात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी नाजनीनचा फोन आला. टाचेची खूण दोन ठिकाणी दिसते आहे. दोनदा दाबले का? रेवणसिद्धला त्या क्षणी खिशातला कागद आठवला. खरे सांगितले असते तर नवा खोका आणावा लागला असता, आणि कसे झाले ते अण्णारावापर्यंत गेले असते. नव्या खोक्याचे त्याला काही वाटत नव्हते. अण्णारावाचे वाटत होते.

“सुजलीय गं टाच,” तो म्हणाला. “लई सुजलीय.”

नाजनीनला पटले नाही. एकदा त्यांना घेऊनच या, असे ती पुन्हा म्हणाली. उद्या आणतो, असे सांगून त्याने फोन ठेवला आणि परवा पुन्हा फोन करून काम पुढे पाठवायला सांगितले. वेळ कमी आहे, असे कारण दिले. ते खरे होते, म्हणूनच त्या वाक्याला जोर आला.

सतरा तारखेला सोल आले. वरून तपकिरी चामड्याचे, कडा सफाईने घासलेल्या, आत लहान अक्षरांत रुद्राणीचे नाव. रेवणसिद्धने ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिले आणि वळसंगला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर रुद्राणीने ते बुटांत घातले आणि श्रीमंतांशी सहाशेचे पक्के बोलायला निघाली. पेठेतल्या गर्दीत स्कूटर शिरत नसल्याने रेवणसिद्धने तिला मधल्या मारुतीच्या देवळापाशी उतरवले. तिथून दुकान दहा मिनिटांवर होते.

पहिल्या मिनिटाला तिला वाटले, नवे आहे, रुळेल. तिसऱ्या मिनिटाला पायाखाली नको त्या जागी काहीतरी उंच होते आणि हव्या त्या जागी काहीच नव्हते. सहाव्या मिनिटाला तिने भांड्यांच्या एका दुकानाचा खांब धरला. ती श्रीमंतांच्या पायरीवर पोहोचली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही टाचा पेटल्या होत्या. ज्वारीच्या पोत्यावर ती बसली, आणि बोलायला म्हणून उभी राहताना पुन्हा बसली.

श्रीमंतांनी पाणी मागवले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी आवाज अगदी मऊ केला. “ताई, तुमी आराम करा. अकरा वर्सं लई केलं तुमी. परवापासनं त्या मशीनवाल्याला चालू करायला सांगतो. काय वाईट वाटून घिऊ नका.”

ते रागावून बोलले असते तर रुद्राणीला सोपे गेले असते. अकरा वर्षांचे काम त्यांनी एखाद्या आजाऱ्याच्या अंगावर शाल टाकावी तसे गुंडाळून टाकले होते.

“परवा वीस तारीख हाय,” ती म्हणाली. “आज अठराच हाय. वीसला दुपारी दोनपर्यंत सहाशे भाकऱ्या हितं आल्या न्हाईत, तर मग सांगा त्याला.”

श्रीमंतांनी तिच्या पायांकडे पाहिले आणि बरे म्हटले. ते बरेही मऊच होते. तिने पायरीवर बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणीच चालत रिक्षा गाठली. मधल्या मारुतीपाशी नवरा वाट पाहत उभा होता. तो तसाच उभा राहू दे, असे तिने ठरवले.

दवाखान्यात ती बूट टेबलावर ठेवून बसली. नाजनीनने तिला कधी पाहिले नव्हते, पण बुटांतले सोल पाहताच ओळखले. तिने तळपाय दाबून पाहिले, टाचेखाली अंगठा रोवला तेव्हा रुद्राणीने घरातला तो शब्द उच्चारला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच समोरच्या माणसाने तो ऐकल्याचे दाखवले. मग नाजनीनने कपाटातून खोका काढला. कडेची विभूती अजून तशीच होती. रुद्राणीचा पाय तिने खोक्याशेजारी धरून पाहिला. एक खूण जुळली. तिच्या मागे, दोन बोटांच्या अंतरावर, दुसरी रुंद टाच उमटलेली होती आणि पुढे फाकलेली बोटे.

“काकू, ही दुसरी टाच कुनाची?”

रुद्राणीने वाकून पाहिले. दर सणाला, दर सोमवारी, एकोणतीस वर्षे तिने त्या पायांना हात लावून नमस्कार केला होता. अंधारातही तिने ते ओळखले असते.

“सासूची,” ती म्हणाली.

नाजनीनला हसू आले, पण समोरचा चेहरा पाहून तिने ते गिळले. “म्हंजे हा सोल तुमच्या दोगींच्या पायाचा झाला. असला पाय अक्ख्या सोलापुरात कुनाला न्हाय.” मग ती थोडी ओशाळली. आपणही पाय पाहिल्याशिवाय काम पुढे पाठवायला नको होते, हे तिने स्वतःहून सांगितले आणि माफी मागितली. रुद्राणीला ते नवीन होते. चूक कबूल करणारे माणूस समोर असले की रागाची मोठी गैरसोय होते.

“हे सोडून द्या,” नाजनीन म्हणाली. “काका म्हनले, आदी तयार सोल घातलावता. तो रोज किती तास पायात असायचा?”

“रोज कुटला. गुरुवारी बाजारला गेलते तवा. चाळीस मिनिटं.”

“आन भाकऱ्या करताना?”

“चुलीपाशी चपला?” रुद्राणीने विचारले. तिच्या स्वरात जो धक्का होता तो तिला स्वतःलाच ऐकू आला.

“मग तुमी उभ्या असताना सोल कुटं असतोय?”

“दारात.”

“आन पाय?”

पंधरा दिवस दोन कर्ते पुरुष तत्त्वासह भांडले होते. सोल कापले गेले, बूट आले, फोम आला, चामडे घासले गेले. आणि सहा-साडेसहा तास जिथे ती उभी असते तिथे तिच्या पायाखाली फरशीशिवाय काही नव्हते. हे कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. तिच्याही. आपल्या स्वतःच्याही डोक्यात ते आले नाही, हे तिला सगळ्यात जास्त झोंबले.

नाजनीनने सरळ सांगितले. तिच्यासारख्या टाचेला पुष्कळदा दुकानातला तयार सोलच पुरतो. मापाचा लागलाच तर दोन-तीन महिन्यांनी बघता येईल. पोटरी ताणायचे दोन व्यायाम आहेत, ते सकाळी उठायच्या आधी करायचे. पण मापाचा असो की तयार, उभे असताना तो पायाखाली पाहिजे. “मागनं पट्टा असलेल्या मऊ रबराच्या चपला घ्या, काकू. त्यात तोच तयार सोल बसतोय. फक्त घरात घालायच्या. भायेर न्यायच्याच न्हाईत.”

रिक्षात बसून घरी जाताना रुद्राणीने भाषण तयार केले. त्यात एकोणतीस वर्षे होती, शहाबादी फरशी होती, सात नंबर होता, आणि शेवटी गुरम्मांचे पाऊल होते. वाटेत घेतलेल्या नव्या चपला पिशवीत होत्या. घरात शिरल्यावर तिने बूट दारात फेकले. रेवणसिद्ध नुकताच येऊन बसला होता. तू कुटं गेलतीस, हे विचारण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि तिच्याकडे पाहून वर्तमानपत्र उचलले. तिने बाहेरच्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून सगळ्यांसमोर पिशवीतून चपला काढल्या, सकाळी बुटांतून काढून ठेवलेले निळे सोल त्यात बसवले, चपला पायात घातल्या आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

“ब्याड,” गुरम्मा खाटेवरून म्हणाल्या. त्या रागावल्या की कन्नडमध्ये जात. “चुलीपाशी चपला ब्याड. नको म्हनते मी.”

रुद्राणी वळली. भाषणाची सुरुवात मागून करावी असे तिला वाटले.

“अव्वा, त्या खोक्यात तुमी कशाला पाय घातलाव?”

“रेवण्या म्हनला, आदी तू.” मग त्यांचा आवाज खाली आला. “मला वाटलं, माज्याबी टाचंचं बगायलंय कुनीतरी.”

“तुमची टाच दुकती?”

“ह्याच फरशीवर मी बेचाळीस वर्सं उबी ऱ्हायली की. दुकंना व्हय?”

“मग सांगितलं का न्हाय कदी?”

“कुनी इचारलं?”

रुद्राणीचे भाषण तिथेच संपले. त्यातली एकोणतीस वर्षे समोरच्या बेचाळीस वर्षांपुढे अचानक लहान दिसू लागली. इतका चांगला तयार केलेला राग ठेवायला आता जागा नव्हती, म्हणून तिने खोलीत दुसरी जागा शोधली. रेवणसिद्ध वर्तमानपत्रामागे होता.

“अव्वाला मापाचा करू की,” तो वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला. “आता खोका कसा दाबायचा ते म्हाईत झालंय.”

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला आणि रेवणसिद्धने वर्तमानपत्र न सोडता त्याचा स्पीकर लावला. वळसंगहून अण्णाराव फोटोविषयी आपले मत कळवत होता; तयारच बरा होता, दाजी, असे तो म्हणत होता. रुद्राणीने नवऱ्याच्या हातातून आधी वर्तमानपत्र घेतले, मग टेबलावरचा फोन उचलला.

“अण्णाराव, तूबी ऐक. हितनं पुडं ह्या घरात पायाचं कुनी बोलायचं न्हाय. ज्याचा पाय हाय, तोच बोलंल.”

अण्णारावाने अक्काची तब्येत विचारली आणि तिने फोन ठेवला.

गुरम्मांनी ती संध्याकाळ आणि एकोणीस तारखेची सकाळ विचारात घालवली. बेचाळीस वर्षे स्वतः पाळलेला नियम असा एका चपलेसाठी मोडणे त्यांना शक्य नव्हते. तो न मोडता पुढे कसा न्यायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. दुपारी जेवताना त्यांनी निकाल दिला. चपला ओवळ्या असतात, कारण त्या रस्त्यावर जातात. ज्या चपला कधी रस्त्यावर जाणारच नाहीत, त्या ओवळ्या कशा? उलट पाय सगळीकडे फिरतात. निकाल देऊन झाल्यावर त्यांनी सुनेला आपला नंबर सांगितला. सहा. रुद्राणीने तो लिहून घेतला आणि संध्याकाळी दुसरा जोड आणला.

वीस तारखेला पहाटे साडेपाचला दोघी चुलीपाशी उभ्या राहिल्या. रुद्राणी थापत होती आणि दोन तवे सांभाळत होती. गुरम्मा उरलेल्या दोन तव्यांवर फडक्याच्या बोळ्याने भाकरी दाबून कडक करत होत्या. त्यांचा हात अजून विसरला नव्हता. रुद्राणीची टाच दुखत होतीच. दोन दिवसांत थांबण्यासारखे ते दुखणे नव्हते. पण ती पेटत नव्हती.

सहाला रेवणसिद्ध दारात आला. त्याने आंघोळ केली होती, बाह्या दुमडल्या होत्या आणि चेहऱ्यावर मदतीला आलेल्या माणसाचा भाव होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. रात्री त्याने बराच विचार केला असावा आणि त्याला थोडी लाजही वाटली असावी. त्याने उंबऱ्यावरून पाय उचलला.

“हितंच थांब,” गुरम्मा म्हणाल्या. “अनवाणी आत यायचं न्हाय.”

“अव्वा, पाय धुऊन आलोय की.”

“धुऊन चालतच आलास न्हवं? सगळ्या घराची धूळ हाय त्या पायांना. चुलीपाशी न्हाय चालायचं.”

रेवणसिद्धने बायकोकडे पाहिले. रुद्राणीने परातीतला पुढचा गोळा घेतला. सासूच्या शब्दाविरुद्ध नवऱ्याची बाजू घ्यायची संधी तिला यापूर्वी शेकडो वेळा आली होती आणि तिने ती घेतली होती.

“अव्वा म्हनतील तसं,” ती म्हणाली.

तो स्कूटर घेऊन नव्या पेठेत गेला. चपलांची दुकाने साडेदहाला उघडतात, हे त्याला तिथे गेल्यावर कळले. तो पायरीवर बसून राहिला. दुकान उघडल्यावर त्याने मागून पट्ट्याच्या रबरी चपला आणि तयार सोल मागितला, आणि तत्त्वाविषयी कुणाशीही बोलला नाही. आठ नंबर मोठा झाला, सात लहान झाला. तिसऱ्या दुकानात त्याला आपला पाय सापडला. तो घरी पोहोचला तेव्हा पाऊण वाजला होता. बाहेरच्या खोलीत बसून त्याने चपलांत सोल बसवले, त्या हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला, तिथे पायात घातल्या आणि आत पाऊल टाकले. कुणी अडवले नाही. फरशीवर उभे राहिल्यावर त्याला बरे वाटले. इतकी वर्षे इथे कुणी कसे उभे राहत असेल, असे काहीतरी तो म्हणणार होता.

शेगड्या बंद होत्या. ओट्यावर फडक्याखाली भाकऱ्यांच्या चळती उभ्या होत्या, सहाशेच्या सहाशे. गुरम्मा पाणी पीत होत्या.

“भाकऱ्या झाल्या,” रुद्राणी म्हणाली. “आता पाकिटं भरायची ऱ्हायल्यात. दोनच्या आत पेठंत पोचली पायजेत.”

“पाकिटं आन की, हितंच भरतो.”

“हितं न्हाय. पाकिटं भायेर बसून भरायची असत्यात.”

रेवणसिद्धने तिच्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग त्याने नव्या चपला उंबऱ्याच्या आतल्या बाजूला नीट जोडीने काढून ठेवल्या, भाकऱ्यांची पहिली चळत उचलली आणि अनवाणी बाहेरच्या खोलीत गेला.